आणि तो चोरच असता तर?

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या चित्रपट मंडळाने 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' दाखवला. १९४३ सालचा, विल्यम वेलमनचा, जेमतेम सव्वा तासाचा कृष्णधवल वेस्टर्न. भिंतीवर ताणलेली चादर, वीस-पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या, शेवटी चहा आणि चर्चा. चर्चा नेहमीप्रमाणे पाचव्या मिनिटाला अमेरिका सोडून आपल्याकडे आली: एन्काउंटर, झुंडबळी, 'भर चौकात लटकवा'. एक मॅडम कळवळून म्हणाल्या, "बघा ना, घाई केली की निरपराध माणूस मरतो." मागच्या रांगेतून एक निवृत्त फौजदार शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते निरपराध निघाले म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. खरेच गुरंचोर असते तर आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या." मॅडम गप्प झाल्या. वाद तिथेच संपला. वाद संपला याचं नवल नाही, कारण मुळात दोघांचं एकमतच होतं: सगळा प्रश्न काय तो त्याने गुन्हा केला होता की नाही, एवढाच.

मला हे एकमतच मान्य नाही. आपल्याकडे म्हण आहे, 'चोर सोडून संन्याशाला फाशी'. या म्हणीची तक्रार काय आहे ते पाहा. फाशीबद्दल तिला काही म्हणायचं नाही. माणूस चुकला एवढंच तिचं दुःख. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ ही म्हण अंगावर काटा यावा इतकी शब्दशः खरी झाली. चोर आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना पोलिसांच्या देखत ठार मारलं. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. दोन्ही वेळा आपण हळहळलो ते 'अरेरे, बिचारे साधे भिक्षेकरी होते' आणि 'अरेरे, साधू होते' म्हणून. या हळहळीत एक मुकं वाक्य दडलेलं आहे: खरंच मुलं पळवणारे असते तर मात्र... झुंडीविरुद्ध बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे 'तो निर्दोष असला तर?' आणि तो फार पडका एक्का आहे. समोरच्याने 'नव्हता ना निर्दोष, मग?' एवढं म्हटलं की आपल्या हातात पान उरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. झुंडीने चोराला मारणं हे संन्याशाला मारण्याइतकंच वाईट, आणि हा सिनेमा लोक ज्या कारणासाठी नावाजतात, त्याहून चांगलं कारण त्याच्याच पोटात आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. १८८५ सालचं नेवाडा. ब्रिजर्स वेल्स या आडगावात बातमी येते की किंकेड नावाच्या पशुपालकाला कोणीतरी गोळी घालून मारलं आणि त्याची गुरं पळवली. शेरीफ गावात नाही. म्हाताऱ्या न्यायाधीशाचं कोणी ऐकत नाही. डेव्हिस नावाचा दुकानदार हातापाया पडून अडवू पाहतो, तोही थकतो. मेजर टेटली पुढारपण घेतो. यादवी युद्ध संपून वीस वर्षं झाली तरी हा दक्षिणेच्या सैन्याचा गणवेश चढवून हिंडतो, आणि गावातली कुजबूज अशी की युद्ध संपेपर्यंत याने दक्षिण पाहिलीसुद्धा नव्हती. रात्री डोंगरात शेकोटीशी झोपलेली तीन माणसं सापडतात. त्यांच्याजवळ किंकेडची गुरं आहेत, खरेदीची पावती नाही, आणि एकाच्या सामानात किंकेडचं पिस्तूल. पहाट झाल्यावर तिघांना झाडाला टांगतात. परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो. किंकेड जिवंत आहे, आणि त्याच्यावर गोळी झाडणारे कधीच पकडले गेलेत.

आता फौजदारांचा प्रश्न प्रामाणिकपणे घेऊ. शेरीफने खाली भेटल्यावर असं सांगितलं असतं तर, की 'शाब्बास, हेच ते तिघं'? काय बदललं असतं? मी घरी येऊन हा प्रयोग डोक्यात करून पाहिला. सिनेमात जे जे बघवत नाही ते सगळं शेरीफ भेटायच्या आधी घडून गेलेलं असतं. घाबरलेल्या पोराला 'मर्द' करायचं म्हणून टेटली त्यालाच घोड्यावर चाबूक ओढायला लावतो. त्याचा हात उठत नाही तेव्हा बाप त्याला मारतो. एक म्हातारा, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो काय बरळतोय हेही कोणी समजून घेत नाही. एक जण फाशीच्या दोराची नक्कल करून हसतो. हे पाहताना माझ्या पोटात गोळा आला तेव्हा ती माणसं निर्दोष आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा पाहणाऱ्या कोणालाच नसतं. म्हणजे जी किळस वाटली ती निर्दोषपणाच्या आधीची होती. शेरीफच्या बातमीने ती किळस योग्य ठरली असं आपल्याला नंतर वाटतं, एवढंच.

शिवाय ते तिघं काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे लोक विसरतात. त्यातला मेक्सिकन, अँथनी क्विनने केलेला, आधी इंग्रजी येत नसल्याचं सोंग करतो. मग दुसऱ्याच कुठल्या खुनात तो हवा असल्याचं कोणीतरी ओळखतं. पळायला जातो, पायात गोळी घुसते. ती गोळी तो सुरी मागून घेऊन स्वतःच्या हाताने उकरून काढतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो, आजूबाजूची माणसं बघत उभी असतात, आणि काही क्षण त्या सगळ्या जमावात हा एकटाच शहाणा, धड माणूस वाटतो. आपण दहा भाषा बोलतो, पण सांगायचं नसेल ते कुठल्याच भाषेत सांगत नाही, असं तो ऐकवतोसुद्धा. हा माणूस दुसऱ्या गुन्ह्यात दोषी असेल का? असेलही. सिनेमा उत्तर देत नाही. ते उत्तर आता कधीच मिळणार नाही, आणि माझ्या दृष्टीने सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट ती आहे.

याला इतिहासात नेमका जोड आहे. मोंटानात १८६४ च्या जानेवारीत हेन्री प्लमर नावाच्या शेरीफलाच तिथल्या, कायदा हातात घेतलेल्या नागरिकांच्या 'दक्षता समिती'ने फासावर दिलं. आरोप असा की सोन्याच्या वाटेवर दरोडे घालणाऱ्या टोळीचा म्होरक्या तोच. समितीने काही आठवड्यांत वीसेक माणसं टांगली. प्लमर खरंच म्होरक्या होता का? १९९३ साली मोंटानात त्याच्यावर मरणोत्तर अभिरूप खटला चालवला, तर ज्यूरी सहा विरुद्ध सहा अशी फुटली. जवळपास १३० वर्षांनी बारा माणसांना बसवलं तरी उत्तर मिळालं नाही, कारण ज्यांना काही माहीत होतं त्यांना तेव्हाच टांगलं होतं. (मोंटानातल्या अशा समित्यांचा '३-७-७७' हा गूढ आकडा आजही तिथल्या हायवे पोलिसांच्या गणवेशावर आहे. झुंडीची आठवण पोलीस अभिमानाने अंगावर मिरवतात, हे आपल्याकडेच होतं असं नाही.) सिनेमातही स्पार्क्स नावाचा काळा उपदेशक आहे, मरणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायला आलेला. तो सांगतो की लहानपणी त्याने सख्ख्या भावाला लोकांनी मारताना पाहिलं. भावाने खरंच काही केलं होतं का, हे कोणाला कधी नक्की कळलंच नाही. खटला हा आरोपीवर केलेला उपकार आहे असं आपण धरून चालतो. नीट पाहिलं तर काय घडलं हे कळून घेण्याची गावाजवळ तेवढी एकच रीत आहे. आरोपी मेला की आरोप मिटत नाही, नुसता गोठतो.

'पण झुंडीला रीत नसते' असं म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. ऑक्स-बोच्या जमावाला भरपूर रीत आहे! उपशेरीफ मेप्स सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ देतो. त्याला तसा अधिकार नाही असं न्यायाधीश ओरडत राहतो, पण बिल्ला मेप्सच्या छातीवर आहे. पुढे डोंगरात चक्क मतदान होतं. खटला व्हावा असं वाटणाऱ्यांनी बाजूला यावं, म्हटल्यावर सात जण येतात. बाकीचे जागचे हलत नाहीत. शपथ झाली, मतदान झालं, बहुमत झालं, शेवटची चिठ्ठी लिहायला वेळसुद्धा दिला. मग कमी काय पडलं? एकच गोष्ट. त्या रात्री तिथे असा एकही माणूस नव्हता ज्याला निकालात स्वतःचं काही नको होतं. एकाला मित्राचा सूड हवा, टेटलीला पोराची मर्दानगी, मेप्सला शेरीफपणाची हौस, उरलेल्यांना गर्दीत उठून दिसायचं नाही. न्यायाधीशाची सारी किंमत तो परका असण्यात असते. त्याचं काहीही गेलेलं नसतं आणि त्याला काहीही मिळणार नसतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. कायदा येतच नाही त्याचं काय? ब्रिजर्स वेल्समध्ये लोक न्यायाधीशाला हसतात ते उगाच नाही. त्याच्या हातून काही होत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं. आपल्याकडे पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण काही झुंडीने तयार केलेली नाही, तारखांना हेलपाटे घालून चपला झिजलेल्यांनी केली आहे. आणि नागपूर आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात, सुनावणीसाठी आणलेल्या अक्कू यादवला कस्तुरबानगरच्या बायकांनी तिखटपूड आणि सुऱ्या घेऊन मारलं. या माणसाने वस्तीवर वर्षानुवर्षं खून, खंडणी, बलात्कार केले होते. बायका तक्रार घेऊन गेल्या की पोलीस त्यांनाच हाकलायचे. तो सुटून येणार या भीतीने त्या दिवशी वस्ती कोर्टात शिरली. नंतर 'आम्हा सगळ्यांनाच अटक करा' म्हणून उभी राहिली. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, पुराव्याअभावी खटल्यातले आरोपी सुटले. मी पुण्यात पंख्याखाली बसून त्या बायकांना कायद्याचं राज्य शिकवणार नाही. तेवढी लाज मला आहे.

पण त्या बायकांचं नाव घेऊन जो युक्तिवाद केला जातो, त्याच्याशी मात्र माझं भांडण आहे. कस्तुरबानगरचा राग कोणावर होता? पोलिसांवर, आणि पोलिसांना गप्प ठेवणाऱ्यांवर. त्यातून निघणारा निष्कर्ष आपण काय काढतो? पोलिसांना मोकळीक द्या! ज्या ठाण्याने तक्रार लिहून घेतली नाही, त्याच ठाण्याला न विचारता गोळी घालायची मुभा द्या. दुसरी गोष्ट अशी की अक्कूवर खटला नीट चालला असता, तर पिंजऱ्यात तो एकटा उभा राहिला नसता. त्याच्याकडून हप्ते कोणी घेतले, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या बाईला कोणत्या शब्दांत परत पाठवलं, हे एकेक साक्षीत नोंदवलं गेलं असतं. तो मेला तेव्हा वस्ती सुटली हे खरं. पण त्या दिवशी आणखीही काही लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार, आणि ते वस्तीत राहत नव्हते.

हैदराबादला हेच झालं. २०१९ च्या नोव्हेंबरात एका पशुवैद्यक तरुणीवर अत्याचार करून तिला मारलं. घरचे रात्री ठाण्यात गेले तर 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकावं लागलं. त्यापायी पोलीस निलंबितही झाले. सहा डिसेंबरच्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळीने मेले. सकाळी लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. हद्दीचं काय झालं, हे त्यानंतर कोणी विचारलं? सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि झुंडबळी मान्य नाही तसा झटपट न्यायही मान्य होऊ शकत नाही. तोवर फुलं कधीच सुकून गेली होती. आणि खटले तुंबलेत म्हणून चिडणाऱ्यांना एक साधा प्रश्न: एन्काउंटरच्या बाजूने निघालेले मोर्चे मी पाहिलेत, न्यायाधीशांची रिकामी पदं भरा म्हणून निघालेला मोर्चा तुम्ही कुठे पाहिलाय का? कायदा उशिरा येतो हा राग खरा असता तर तो कधीतरी कायदा लवकर यावा म्हणूनही रस्त्यावर आला असता.

सिनेमाचे दोष झाकायचे नाहीत. टांगलेल्या तिघांपैकी एक झालेला डेना अँड्र्यूज देखणा, त्याच्या घरी बायको आणि दोन लेकरं. म्हणजे आपली दया कोणाकडे जावी हे हॉलिवूडने आधीच ठरवून टाकलंय. शेवटी सिनेमाचा नायक हेन्री फोंडा दारूच्या गुत्त्यात त्याची बायकोला लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवतो. वाचताना शेजारच्या मित्राच्या हॅटची कड फोंडाच्या डोळ्यांवर आडवी येते, आपल्याला नुसते ओठ हलताना दिसतात. चित्रचौकट अप्रतिम, पण चिठ्ठी म्हणजे शुद्ध प्रवचन. मरायला निघालेला माणूस बायकोला कायदा आणि सदसद्विवेक यांवर निबंध लिहील का? वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कच्या मूळ कादंबरीत ही चिठ्ठी वाचकाला दाखवलेलीच नाही. सिनेमात शेरीफ सगळ्यांना दरडावतो, माझ्याकडून दयेची अपेक्षा करू नका म्हणतो. कादंबरीत तो कोणाला ओळखतच नाही असं दाखवून मोकळा होतो. कादंबरीच खरी वाटते. १८८९ मध्ये वायोमिंगला एलेन वॉटसन आणि जिम अ‍ॅव्हरेल यांना बड्या पशुपालकांनी गुरंचोर ठरवून टांगलं, कोणालाही शिक्षा झाली नाही.

फोंडाचं या भूमिकेशी जुनं नातं होतं. २८ सप्टेंबर १९१९ ला ओमाहा शहरात हजारोंच्या जमावाने न्यायालयाची इमारत पेटवली, आड येणाऱ्या महापौरालाच गळफास लावला (तो कसाबसा वाचला), आणि विल ब्राऊन या काळ्या कामगाराला बाहेर ओढून टांगलं, गोळ्या घातल्या, जाळलं. समोरच फोंडाच्या वडिलांचा छापखाना होता. वडील चौदा वर्षांच्या मुलाला तिथे घेऊन गेले आणि खिडकीतून हे सगळं त्याला पाहू दिलं. नंतर काही बोलले नाहीत, उपदेश केला नाही. चिठ्ठीच्या प्रसंगात वेलमनने या बापाचं अनुकरण केलं असतं तर सिनेमा आणखी मोठा झाला असता, असं मला राहून राहून वाटतं. त्या दिवशी ओमाहातल्या जमावातल्या कोणालाही विल ब्राऊन दोषी आहे की नाही याची शंका नव्हती. ऑक्स-बोमध्येही नव्हती, राईनपाड्यातही नव्हती. शंका असती तर जमाव जमलाच नसता. म्हणून 'निर्दोष असला तर?' हा प्रश्न ज्याला विचारायचा, नेमक्या त्यालाच तो ऐकू येत नाही. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दोषी आहे असं धरू, पण दोर तुझ्या हातात का?

त्या रात्री हे सगळं मला सुचलं नव्हतं. चहाचे कप गोळा करून जिना उतरताना फौजदार शेजारी होते. मी उगाच विचारलं, नोकरीत कधी असा जमाव पाहिलात का? म्हणाले, "एकदा. बाजारात पाकीटमार सापडला होता, पोरगाच. दीडदोनशे माणूस असेल. मी आणि एक हवालदार. त्याला अंगाखाली घेऊन जीपपर्यंत नेला." बाही वर करून कोपराजवळचा वण दाखवला. "दगड."

"आणि तो निर्दोष होता?"

"छे हो. पाकीट त्याच्याच खिशात होतं. पंचनामा मीच केला. पुढं सहा महिने लागले त्याला."

"मग त्याच्यासाठी दगड कशाला खाल्लात?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "अहो, माझ्या ताब्यात होता ना तो," म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.